झाकणावरची हजेरी

"थांबा! तिथंच! एक पाऊलही पुढं टाकू नका!"

सोदामनं जंतुनाशकाच्या फवाऱ्याची बाटली पिस्तुलासारखी रोखली, तसे दारातल्या माणसानं हात वर केले. एका हातात कापडात बांधलेलं गाठोडं, तोंडावर मास्क, आणि मास्कच्या वर… हसणारे डोळे.

"गोळी घालण्याआधी एवढं सांगू द्या. मी मूयॉल, शाळेतला नवा मास्तर. दाओनचा अभ्यास आणलाय."

"अय्या, सर!" तिनं बाटली खाली केली खरी, पण बोट दाबलं गेलंच. सरांच्या बुटांना आंघोळ घडली.

त्या वसंतात साथीमुळं शाळा उघडलीच नव्हती. सोदामची लेक दाओन पहिलीत गेली होती, पण तिनं वर्ग काही पाहिला नव्हता. दर गुरुवारी सर कुंपणाशी गाठोडं ठेवून मागं सरायचे. सोदाम घरी टोफू करून विकायची. ती टोफूचा डबा ठेवून मागं सरायची. मधे दोन हातांचं अंतर आणि जर्दाळूच्या पडलेल्या पाकळ्या.

"दाओनच्या आई, मागचा टोफू जरा कडक होता हं."

"मग डबा एवढा चाटूनपुसून कसा आला?"

"पूर्ण खाल्ल्याशिवाय तक्रार कशी करणार?"

ती मास्कआड हसायची. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. गावात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांची ती दाओनची आई.

डोंगरातल्या त्या गावात नेट अडखळायचं; फोनवर वर्ग भरायचा तो थिजलेल्या चेहऱ्यांचा. म्हणून सरांनी गावकीचा भोंगा मागून घेतला. एरवी त्यावर खताची नाहीतर मयताची खबर यायची. आता रोज सकाळी हजेरी व्हायची. "आपली बोमी! आपला हाजुन!" आणि प्रत्येक अंगणातून पोरं भांड्याचं झाकण वाजवून 'हजर' म्हणायची. 'माझं' म्हणायची तिथं रीतच नाही. घर आपलं, आई आपली, फार काय, नवरासुद्धा आपलाच!

पण सोदामला एकच घोर होता. पोर मागं पडली तर? माणसांना विसरली तर? वोंजू शहरातून ताईचा रोज फोन, "इकडे ये. नेट धावतं इथं. दाओनचं नुकसान करतेयस तू."

शेवटी एका गुरुवारी तिनं कुंपणापाशी सांगून टाकलं, "सर… सोमवारी आम्ही जातोय. कायमचे."

सरांनी डबा खाली ठेवला. "शाळेसाठी थांबा, असं म्हणायचा मला हक्क नाही."

"मग कशासाठी म्हणाल?"

सरांनी मास्क नाकावर ओढला. "गाठोडं जपून न्या," एवढंच म्हणाले आणि वळले.

सोमवारी ताईनं पाठवलेला भावोजींचा छोटा ट्रक दारात उभा होता. सामान चढलं होतं. इतक्यात भोंगा खरखरला.

"आपली बोमी!" नदीकडून ठण-ठण.

"दोनदा वाजवलं. बोमी आज खूश आहे," दाओन म्हणाली.

"आपला हाजुन!" ठण्ण…

"आणि हाजुननं आजीचं पितळी झाकण पळवलंय!"

सोदाम बघतच राहिली. "अगं, तू तर त्यांना धड पाहिलंही नाहीस."

"पण ओळखते ना! आपला वर्ग आहे तो."

"आपली दाओन!"

दाओननं इकडं तिकडं पाहिलं. "आई… झाकण?"

झाकण ट्रकवरच्या खोक्यात होतं. वर चिकटपट्टी लावलेली.

"आपली दाओन…?" भोंगा थांबला. मग आवाज खाली आला. "दाओन गैरहजर. आपल्या दाओनच्या आई… सुखरूप पोहोचा. माझी… माझ्या—"

भोंगा किंचाळला.

शेजारच्या आजी वाफ्यात खुरपं टाकून ताठ झाल्या. "अगं बाई! 'माझी' म्हणाला!"

"आजी, जीभ घसरली असेल त्यांची," सोदाम कानापर्यंत लाल झाली.

"घसरते ना! पण उताराकडंच घसरते हो!"

"चुकलं, मंडळी. माफ करा." भोंग्यातून दीर्घ श्वास ऐकू आला. सोदामनं मात्र आपला रोखून धरला होता. "नाही… चुकलं नाही. सोदाम… हजर आहात?"

तिचं नाव! डोंगरावर आपटून ते परत आलं, तिच्याचकडे.

ती ट्रकवर चढली. खोक्याची पट्टी दातांनी फाडली, टोफूच्या कढईचं लोखंडी झाकण ओढून काढलं आणि शेजारचीच पळी त्यावर हाणली.

ठण्ण!

गावातली कुत्री भुंकायला लागली. आजींनी टाळ्या पिटल्या.

"भावोजी," सोदामला धाप लागली होती, "सामान उतरवायचंय."

"आत्ताच तर चढवलं!" भावोजींनी कपाळाला हात लावला.

दाओन आईच्या कोटाचं टोक ओढत होती. "आई, दे ना पळी! माझी हजेरी राहिली!"

आणि तिनं वाजवलं, दोनदा.