एक नाही, दोन नाही

काम साधं होतं. ब्राइनामावशीला ओस्ट्रुव्काच्या गिरणीवर न्यायचं, तिच्या धाकट्या भावाची हाडं मिळाली तर घ्यायची आणि उजेड असेतोवर ल्युब्लिन शहरातल्या आमच्या कबरस्तानात पोचायचं. तिच्या आईशेजारी जागा ठेवली होती. "लायबुशला घेऊन ये," एवढंच म्हातारी मरताना बोलली होती.

युद्धात मावशी, तिचे आईबाप आणि लायबुश त्या गिरणीच्या जमिनीच्या फळ्यांखाली लपले होते. वर जर्मन बूट वाजायचे. खाली काळोखात आई एकेकाच्या डोक्याला हात लावून कुजबुजायची, "एक नाही, दोन नाही, तीन नाही…" आम्ही ज्यू लोक माणसं सरळ मोजत नाही. मोजलेल्या माणसाला नजर लागते, म्हणून प्रत्येक आकड्यामागे 'नाही'. एकदा बाप भाकरीच्या शोधात जंगलाच्या वाटेने बाहेर पडला, तो परतलाच नाही. त्या थंडीत चार वर्षांचा लायबुश तापाने गेला. आईने त्याला आपल्या शालीत गुंडाळून तिथेच मातीत ठेवलं.

गिरणीचा मालक विटोल्ड दारातच आडवा उभा होता.

"इथं कुणी लपलं नव्हतं. गिरणीवर हक्क सांगायला आलात, तर तसं सांगा ना!"

"गिरणी घाल चुलीत," मी म्हणालो. "बाजूला हो. नाहीतर तुझा फोटो पहिल्या पानावर छापतो, असाच दार अडवलेला."

उभी हयात मी या जिल्ह्यात बातमीदारी केली. प्रत्येक गावाने मला हेच ऐकवलं: आमच्याकडे काही घडलंच नाही. आता ते वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

विटोल्ड बाजूला झाला आणि त्याने कंदील पेटवला. बाहेर दुपार होती, पण आत काळोख साचला होता. जातं कित्येक वर्षं बंद, तरी ओल्या पिठाचा आंबूस वास नाकात शिरला. आम्ही चालायचं थांबलो, तरी कुठेतरी एक फळी करकरली.

"बरं बाई, किती जण होतात इथं?" विटोल्डने विचारलं.

मावशी पायाखालच्या फळ्या निरखत राहिली.

"बघा! आकडा विचारला की तोंडाला कुलूप!"

"माणसं म्हणजे काय बटाटे आहेत, मोजायला?" मावशी फणकारली.

"त्यात काय अवघड?" त्याने बोट रोखलं. मावशीवर, माझ्यावर, मग स्वतःच्या छातीवर. "एक. दोन. तीन. चौथं कुणी आहे का इथं?"

"नको रे…" मावशी पुटपुटली.

फळ्यांखालून आवाज आला. बारीक, कोरड्या घशाचा.

"चार… नाही."

"उं… उंदीर असेल," विटोल्ड म्हणाला.

"उंदीर आकडे म्हणतात?" मी विचारलं.

मावशी केव्हाच गुडघ्यांवर बसली होती. फळीच्या फटीत नखं घालून ती बोलत होती, "आले रे राजा… ताई आली."

पहार विटोल्डनेच आणली. हातभर मातीखाली आईची शाल लागली, शालीत इवलीशी हाडं. विटोल्डने छातीवर क्रूसाची खूण केली.

"बाबा म्हणायचे… या कोपऱ्यात पोतं ठेवू नकोस. कारण कधी सांगितलं नाही."

म्हणजे माहीत होतं! मी तोंड उघडलं, तशी मावशीने माझी बाही ओढली. "चल, हेर्श. पोराला थंडी वाजतेय."

परतीचा रस्ता बर्चच्या जंगलातून जातो. शेकडो वेळा मी तिथून गेलोय, बातम्यांसाठी; तिथे काही घडलं होतं, असं कुणी कधी सांगितलं नाही. गाडीत मावशीने हाडांची पेटी मांडीवर घेतली आणि आईच्या सवयीने हात लावत गेली. माझ्या खांद्याला, "एक नाही." स्वतःच्या छातीला, "दोन नाही." पेटीच्या झाकणाला, "तीन नाही."

गाडीची काच खाली होती. झाडांतून पुरुषाचा घोगरा आवाज आला.

"चार नाही."

मी करकचून ब्रेक दाबला. मावशी झाडांकडे वळली.

"बाबा…"

मी इंजिन बंद केलं. वारा नव्हता, एक पान हलत नव्हतं. मग जरा आतून एक बाई म्हणाली, "पाच नाही." तिच्यापलीकडून कुणी म्हातारा. मग एक मूल. मग आणखी आतून, आणखी दाटीतून, एकेक आवाज, आपापली पाळी आल्यासारखा.

आम्ही तिथे किती वेळ होतो, सांगता येत नाही. निघालो तेव्हा आकडा शंभराच्या पुढे गेला होता, आणि मोजणी थांबली नव्हती.