शाळेचं पेव

काकासाहेबांचं एक वागणं भीमाबाईंच्या डोक्यात जायचं. बाईमाणसानं काही विचारलं, की हा गृहस्थ हसून मान डोलवायचा आणि उत्तर द्यायचा तिच्या शेजारच्या पुरुषाला. शेजारी पुरुष नसला तर खांबाला. "मी काय भिताडाला टेकवलेला खराटा हाय व्हय?" असं भीमाबाईंनी एकदा भर पारावर विचारलं होतं. त्याचंही उत्तर काकासाहेबांनी त्यांच्या दिराला, आसारामला दिलं.

आडनाव दहातोंडे, पण भीमाबाईंचं एकच तोंड गावाला पुरून उरायचं. शाळेत त्या एक पावसाळा तेवढ्या गेलेल्या. मात्र हरवलेली म्हैस असो की नथ, माणसं आधी त्यांच्या ओट्यावर यायची, मग पोलीस पाटलाकडे. आणि आसाराम त्यांच्या मागे मागे, तंबाखू मळत, दोन पावलं उशिरा.

त्या दिवशी हरवला होता शाळेचा जोंधळा.

वडुलेवाडी आणि भोवतालच्या तीन वाड्या मिळून शाळा एकच, सातवीपर्यंतची. लढाईच्या महागाईत वरच्या बोर्डाचा हात आखडला. निम्मा खर्च वाड्यांनी उचलावा, नाहीतर शाळेला कुलूप, असा हुकूम आला. रोकड कोणाच्या गाठीला? सुगीला घराघरानं आपापला जोंधळा आणून ओतला आणि तो शाळेच्या पेवात भरला. पेव म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणलेली धान्याची विहीरच. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. वर कडबा, भूस, फरशी आणि चिखलाचं लिंपण. ओल्या लिंपणावर पंचांनी पंजे उमटवले. भीमाबाई पंच नव्हत्या, तरी त्यांनीही उमटवला. नको म्हणायची छाती कोणाची झाली नाही.

श्रावणात पावसानं उघडीप दिली आणि बोर्डाचे साहेब विष्णुपंत धान्य ताब्यात घ्यायला आले. लिंपण जसंच्या तसं होतं. भीमाबाईंच्या पंजाचं मधलं वाकडं बोटसुद्धा. तोंड उघडलं तसा कोंडलेल्या धान्याचा उग्र वास गल्लीभर पसरला. वारं खेळू दिलं, कंदील सोडला, ज्योत विझली नाही म्हटल्यावर सगळे वाकले.

पेव निम्मं रिकामं होतं.

भीमाबाईंनी गर्दीत कोपर घालून आत नजर टाकली. उरलेला जोंधळा सपाट नव्हता. उगवतीच्या अंगाला ढीग उंच, आणि तिथून तो मावळतीकडे घसरत गेलेला, डोंगराचा उतार असावा तसा.

काकासाहेब शाळा कमिटीचे मुख्य. त्यांनी साहेबांना हळहळून सांगितलं, की लिंपण शाबूत आहे, त्या अर्थी चोरी भरतानाच झाली. माप घातलं यज्ञेश्वर मास्तरांनी, आत उतरून धान्य तुडवलं शाळेच्या गड्यानं, सहादेवानं. दोघांनी मिळून वाटेतच पोती वळवली असणार. अशा गावात शाळा कशाला, कुलूप लावून साहेबांनी मोकळं व्हावं.

"लावा कुलूप," विष्णुपंत म्हणाले. "माझाही इलाज नाही. घोडेगावहून संध्याकाळची मोटार आहे."

भीमाबाईंची नात इंदू सातवीत होती. घोडेगावच्या शाळेत रोज ओढा ओलांडून जाणं पोरीच्या जातीला जमणार नव्हतं. शाळा मिटली की तिच्या हातात खुरपं यायचं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"साहेब," भीमाबाई म्हणाल्या, "मोटार सुटायला अवकाश हाय. तवर माज्या घरी दोन घास खावा. कुलूप काय पळून जात न्हाई."

यावर काकासाहेब हसले आणि आसारामला म्हणाले, की वहिनींना सांगा, हा चुलीपुढचा मामला नव्हे.

विष्णुपंत मात्र जेवायला थांबले. तेवढ्यात भीमाबाई आधी मास्तरांकडे गेल्या. मास्तरांचा पगार तटलेला, बायको आजारी. गरज होती हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. पण माप आपण चार वाड्यांच्या डोळ्यांदेखत घातलं, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बाहेर आल्यावर आसाराम म्हणाला, माणूस फार घामेजला होता. गरीब माणसाला चोर म्हटलं की तो घामेजतोच, असं भीमाबाईंनी त्याला ऐकवलं.

सहादेव शाळेच्या आडोशाला गुडघ्यात मान घालून बसला होता. भीमाबाईंनी त्याला एकच विचारलं.

"भरणी झाल्यावर तुला वर वढायला दोर कुनी टाकला?"

सहादेव गोंधळला. "दोर कशापाई, आक्का? जोंधळा चढत गेला तसा मी बी वर चढत गेलो. शेवटाला पाय टाकला आन् भाईर आलो. समद्यांनी बगितलं की."

"बरं. ऊठ, तोंड धू. गुडघ्यात मान घालून बसलास तर लोक म्हनतील, लपवतोय."

काकासाहेबांच्या वाड्यावर दोघांचं स्वागत चांगलं झालं. आसारामला गुळाचा चहा मिळाला. भीमाबाई सोप्यावरच टेकल्या; तिथं काकासाहेबांची सून जोंधळा पाखडत होती. इकडे काकासाहेब आसारामशी बोलत राहिले. शाळेच्या मावळतीचं पेव आपलं, आषाढात त्यात पाणी शिरलं, भिजका माल काढून पेव रिकामं करावं लागलं. आता सरकारला सक्तीनं द्यायचं लेव्हीचं धान्य घालायचं, तर तो भिजकाच वाळवून घालणार, दुसरं करणार काय.

भीमाबाईंनी सुपातली मूठभर उचलून तळहातावर पसरली. टपोरा मोतिया दाणा, त्यात बारीक पिवळट, त्यात एखादा तांबूस.

"झ्याक हाय," त्या सुनेला म्हणाल्या. सून लाजली.

वाटेत आसाराम म्हणाला, "वयनी, तुमाला त्या मानसाचा राग हाय, म्हनून तुमी त्याच्याकडं बगताय. त्याचं सोताचंच नुकसान झालंय."

"राग हायच. पन रागानं दिसायचं कमी हुत न्हाई, भावजी. नागपंचमीला झोके खेळून आमी बाया सांजच्याला वारुळाला गेल्तो, आठवतंय? मी घरी येऊन काय म्हनले हुते?"

आसारामला आठवलं. ओढ्याकाठच्या वारुळाशेजारी कोणीतरी पांढऱ्या मातीची ताजी ढेकळं टाकली होती. नागपंचमीला जमीन उकरत नाहीत, आणि हा कोण अधर्मी, म्हणून वहिनी रात्रभर फणफणल्या होत्या. त्याचा जोंधळ्याशी काय संबंध, हे मात्र त्याला कळलं नाही. त्यानं तंबाखू मळली.

दुपार कलली तशी भीमाबाईंनी चारी वाड्यांना पेवाशी बोलावलं. विष्णुपंत जेवून सुस्तावले होते, तरी आले. काकासाहेबही आले.

"साहेब, तुमी शिकलेले," भीमाबाई म्हणाल्या, "पन पेव भरताना तुमी नव्हता, म्हनून सांगते. सहादेव जोंधळ्याबरूबर वर चढला आन् पायानं चालत भाईर आला. पेव निम्मं भरलं असतं तर त्याला दोरानं वढावं लागलं असतं. तवा भरताना काय बी चोरीला गेलं न्हाई. पेव गळ्यापातुर भरलं हुतं."

माणसांच्या माना हलल्या. सगळ्यांनीच ते पाहिलं होतं आणि एकालाही सुचलं नव्हतं.

"बरं, वरून काढलं म्हनावं, तर पंजे तसेच हायेत. आन् पेव उघडलं की वास गल्लीला जेवू देत न्हाई. आजच्याआधी आला कुनाला? आनी वरून मानूस उतरला तर पायाखालचं उपसंल; खड्डा मधोमध पडंल. हितं मधोमध न्हाई. समदा जोंधळा मावळतीकडं घसरलाय."

आसारामच्या हातातली तंबाखू हातातच राहिली.

"पोत्याला कोपऱ्यात भोक पडलं की धान्य त्या कोपऱ्याकडं उतरतं. कुनी काढावं लागत न्हाई, आपसूक वाहतं. शाळेच्या पेवाला मावळतीच्या भितीत भोक पाडलंय. मावळतीला पेव कुनाचं हाय, ते मी सांगायला नको."

काकासाहेब पहिल्यांदाच थेट भीमाबाईंशी बोलले. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं.

"हाय की. मातीचं भोक पाडलं तर माती कुटं तरी जानार. आपल्या रानात समदी काळी जमीन, पांढरी माती निस्ती गावठानात, पेवाच्या पोटात. ती वारुळाशी कशी गेली? नागपंचमीला कुनी कुदळ धरत न्हाई, समदं गाव झोक्याला गेल्यालं; खनायला त्याच्यापरीस बरा दिवस कोंचा? आन् दुसरं. भिजका जोंधळा काळा पडतो, त्याचे गठ्ठे हुतात. तुमच्या सुपातला चकचकीत हाय, आन् तीन जातीचा हाय. तुमी सालोसाल टपोरा एकच पेरता. चार वाड्यांच्या कनग्यांतला जोंधळा एका जागी फकस्त शाळेच्या पेवात पडला हुता."

विष्णुपंतांनी काकासाहेबांचं पेव उघडायला सांगितलं. काकासाहेब आता खांबाकडेही पाहीनात. कंदील सोडून हवा पारखली, आणि सहादेव पहार घेऊन खाली उतरला. उगवतीच्या भिंतीवर कंबरेएवढ्या उंचीला लिंपणाचा ओलसर गोल ठिगळासारखा दिसत होता. त्यानं पहार मारली. ठिगळ निखळलं, आणि पलीकडून ओंजळ दोन ओंजळ जोंधळा भुरुभुरु त्याच्या पायांवर आला.

वर यज्ञेश्वर मास्तर डोळे पुसत हसले, आणि चारी वाड्या एकदम बोलू लागल्या.

काकासाहेबांनी सगळं कबूल केलं. आपला जोंधळा त्यांनी नगरच्या काळ्या बाजारात चोरून विकला होता; लेव्ही मागायला मामलेदार येणार म्हणून शाळेच्या धान्यावर डोळा गेला. शाळेला कुलूप लागलं की पुन्हा कोणी चौकशी करणार नव्हतं. पोती वाड्याच्या माळ्यावर होती. सहादेव आणि मास्तर पुढे झाले, गाडी जुंपली, आणि पोरं ढकलत ढकलत ती शाळेपुढे घेऊन आली. विष्णुपंतांनी सगळ्यांसमक्ष धान्य ताब्यात घेतलं, शाळा चालू राहील असं जाहीर केलं, आणि काकासाहेबांचं काय करायचं ते मामलेदार ठरवतील म्हणाले.

आसाराम पुटपुटला, "वयनी, चोर गावातलाच निघाला."

भीमाबाईंनी पदर सारखा केला आणि काकासाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"चोर न्हाई, भावजी. चोर जीव मुठीत धरून येतो, पाठीवर वझं घेतो, धरला तर मार खातो. काकासाहेब, तुमी घरबसल्या भोक पाडलंत, आन् लेकरांचं धान्य आपल्या पायांनी चालत येतंय का बगत बसलात. चोर म्हनवून घ्यायला बी अंगात कष्ट लागतात. तुमी निस्ते आयतोबा."