तिसऱ्या वळणावरचा थांब्या

‘खिंड’ या बावीस वर्षं जुन्या नेमबाजीच्या खेळाची सुधारलेली आवृत्ती बाहेर पडून चारच दिवस झाले होते, आणि कोल्हापूरच्या स्टुडिओतल्या चाचणी-दालनात इरावती चौगुले चाहत्यांच्या शिव्या वाचत बसली होती. शिव्याही कशा, अगदी अस्सल! ‘धुकं झकास, दगड झकास, पण आमचा थांब्या कुठं घालवलात?’ ‘बावीस वर्षं जपलेला माणूस एका दिवसात गायब केलात, हात झडोत तुमचे!’

हा थांब्या म्हणजे खेळातला शत्रू. त्याला संगणकच खेळवायचा. खिंडीच्या तिसऱ्या वळणावर तो दोन सेकंद निमूट उभा राहायचा. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तेवढा वेळ त्याच्यावर गोळी झाडायची नाही, आपणही थांबायचं, असा चाहत्यांत रिवाजच पडला होता. जो झाडेल तो हलकट.

इरावतीनं तो थांबा दोष समजून काढून टाकला होता.

“दोष नव्हता गं तो,” मूळ खेळ रचणारे दाभाडेसर खुर्चीत बसत म्हणाले. “हेमंत शिंत्रेची सवय होती.”

“सर, शत्रूत कुणाचा तरी सवयठसा आहे एवढं मला दिसत होतं. माणूस कसा वळतो, कधी दबा धरतो, कुठं अडखळतो, ते टिपून शत्रूला शिकवलेलं. पण कुणाचा, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.”

“लिहायचं सुचलंच नाही. त्याच्याच घरी, पुढच्या खोलीत आम्ही हा खेळ बनवला. तीन महिने तो खेळला आणि यंत्रानं टिपलं. खेळ बाहेर पडायच्या महिनाभर आधी डेंग्यूनं गेला. तेवीस वर्षांचा होता.” सरांनी चष्मा काढून पुसला. “त्याची आई खाली येऊन बसलीये. रोज दुपारी त्या वळणावर जाऊन त्याला बघून यायची. परत द्या म्हणते.”

इरावतीनं जुनी नोंद उघडून दाखवली. “ठसा एकच होता, जुन्या सर्व्हरवर. शुद्ध करताना मी त्याच्यावरच नवा लिहिला. प्रत नाही ठेवली.”

“काहीच उरलं नाही?”

“दोषांची यादी तेवढी आहे. एक, दोन सेकंद थांबतो. दोन, थांबला की नेम डावीकडं भरकटतो.”

इरावती खाली गेली. हेमंतच्या आई मालन शिंत्रे सत्तरीच्या होत्या, पण आवाज खणखणीत. इरावतीनं हात जोडून चूक कबूल केली, आणि ते दोन्ही दोष हातानं परत घालून देते म्हणाली.

“नको,” मालनबाई म्हणाल्या. “तू शिकवलेलं बाहुलं घेऊन मी काय करू? त्याचं असेल तर दे, नाहीतर राहू दे.” आणि छत्री घेऊन निघून गेल्या. त्या दिवशी इरावती जेवली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मात्र चमत्कारच झाला. चाहते नुसते नाचत होते. ‘थांब्या आला! आमचा थांब्या परत आला!’ इरावतीनं नोंदी दोनदोनदा तपासल्या. कुणी एक ओळसुद्धा बदललेली नव्हती. नवा शत्रू तिसऱ्या वळणावर आपसूक थांबत होता, बरोबर दोन सेकंद! पुसलेल्यातलं काही तळाशी उरलं असेल का? तिनं सरांनाही न विचारता मालनबाईंना फोन लावला. “आजी, या. मी काही घातलेलं नाही, शपथ. आपोआप आलंय.”

मालनबाई आल्या. त्यांनी माऊस धरला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. समोर शत्रू थांबला. दोन सेकंद त्यांच्याकडं बघत उभा राहिला आणि मग निघून गेला.

त्यांनी माऊस खाली ठेवला. “हा तो नव्हे.”

“आजी, तोच थांबा आहे!”

“तो डावीकडं बघायचा गं. आमचं स्वयंपाकघर डावीकडं होतं. त्याचे दोन्ही हात यंत्रात गुंतलेले, ऊठ म्हटलं तर उठायचा नाही. मग मीच ताट घेऊन जायची आणि घास भरवायची. त्या वळणावर जरा उसंत मिळायची, तेवढ्यात तो घास घ्यायचा. एकीकडं ओरडत आणि एकीकडं भरवत.” त्यांनी माऊस बाजूला सरकवला. “दवाखान्यात चार दिवस एक घास उतरला नाही त्याच्या घशाखाली.”

इरावतीला यादी आठवली. ‘नेम डावीकडं भरकटतो’ हा दोष क्रमांक दोन तिनं स्वतःच्या हातानं लिहिला होता.

“हा डावीकडं बघतच नाही,” मालनबाई म्हणाल्या. “सरळ माझ्याकडं बघतो. मग हा कोण?”

आता इरावतीला सगळं कळलं. “नवा ठसा रोज शिकतो आजी, जे खेळतात त्यांच्याकडून. हे चाहते त्या वळणावर अजून थांबतात. समोरचा थांबत नाही, गोळी घालतो, तरी सवयीनं थांबतात. त्यांचंच बघून हा शिकलाय. ते त्याच्यासाठी थांबायचे ना, म्हणून समोर बघत.”

“म्हणजे एवढी माणसं अजून त्याच्यासाठी थांबलीत?”

“हो. त्यांना हेमंत ठाऊकच नाही. तो गेलाय हेही ठाऊक नाही.”

मालनबाईंनी पदरानं डोळे टिपले. पडद्यावरच्या रिकाम्या वळणाकडं त्यांनी एकदा बघितलं.

“त्यांना कळव,” त्या म्हणाल्या, “जेवून गेला म्हणावं.”