डाव्या हातातली भाकरी

पहाट फुटली तेव्हा करंजगडाचा पूर्वबुरूज धुक्यातून हळूहळू वर येत होता, आणि पायथ्याच्या माळावर सरदार रायाजीरावांच्या फौजेच्या राहुट्या अडीच महिन्यांच्या वेढ्याने मळून उभ्या होत्या.

त्याच पायथ्याला लॅम्बर्ट नावाचा म्हातारा वलंदेज राहत असे. हॉलंड देशाचा हा कारागीर तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्र कोरी, रेघांत शाई भरी आणि ओला कागद दाबून छाप काढी. राजेरजवाडे सोडून तो कुंभारवाडीची पोरंच कोरी : विटीदांडू खेळणारी, शेळ्या राखणारी, बुरुजाखाली भाकरी खाणारी. पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते, उजवे ते डावे होते. म्हणून जाणता कारागीर मुळातच उलटे कोरतो. पण पोरं क्षणभर एका जागी बसेनात, तेव्हा भाकरीचे चित्र त्याने घाईत समोर दिसले तसेच कोरले. छाप निघाला आणि त्यातली आपली लेक पाहून भागीरथी कुंभारीण खदखदून हसली.

"लंबरबाबा, माझ्या तुळशीला डाव्या हातानं जेवायला लावलंत की!"

पुढे वेढा पडला, पोरं आसऱ्याला गडावर गेली, आणि लॅम्बर्टच्या घराच्या झडतीत तो छाप रायाजीरावांच्या हाती लागला. जेवणाऱ्या पोरांमागे, बुरुजाच्या डाव्या अंगाला, करवंदीच्या जाळीत दडलेली चोरदिंडी त्यात स्पष्ट दिसत होती.

"फिरंग्या, हे चित्र खरं?"

"पाहिलं तेच कोरलं, सरकार."

"जीव वाचवायला कोणीही असंच बोलेल. छावणीत मडकी देणाऱ्या त्या कुंभारणीला आणा."

भागीरथीने चित्र पाहिले. दिंडी खरोखर कोणत्या अंगाला आहे, हे तिला ठाऊक होते. आणि तुळशी गडावर होती. तिने लॅम्बर्टकडे नजरही वळवली नाही.

"ही माझीच लेक, सरकार. फाटका परकरसुद्धा तिचाच. चित्र खोटं कसं असेल?"

दुसऱ्या पहाटे दोनशे निवडक गडी बुरुजाच्या डाव्या अंगाने चढले. तिथे ना जाळी होती ना दिंडी, ताशीव कडा होता. आणि वरून धोंडे सुटले. चाळीसजण परतले.

रायाजीरावांनी चित्र पुन्हा निरखले.

"सगळीच पोरं डावरी कशी, बाई?"

भागीरथीचे ओठ हलले, पण लॅम्बर्ट आधी बोलला. "चूक माझी, सरकार. आमच्या कामातलं तिला काय कळणार?"

उजवा हात मनगटापासून उतरवून त्याला सोडून दिले. निवडक गडी संपले होते, गडही आता सावध होता; चौथ्या दिवशी वेढा उठला.

किल्लेदार खंडेराव गडाखाली आले. "चोरदिंडी कागदावर आणणाऱ्याला या मुलखात थारा नाही. पत्रा वितळवा."

"धनी, यांच्यामुळंच गड वाचला!" भागीरथी कळवळली.

"गड आमच्या शिबंदीनं वाचवला."

वेशीपाशी तुळशी भाकरी घेऊन धावत आली. लॅम्बर्टने सवयीने फडक्यात गुंडाळलेला उजवा हात पुढे केला, थबकला, आणि मग डाव्या हाताने भाकरी घेतली.

भागीरथी शेजारीच उभी होती. या वेळी ती हसली नाही.