पाय आत घे

काम अगदी साधं होतं. टेकडीवरच्या बागेत फळांच्या रिकाम्या पेट्या राहिल्या होत्या, त्या अंधार पडायच्या आत खाली आणायच्या. लेक तापानं झोपली होती, तेव्हा नातीनं गाडीची किल्ली उचलली.

"एकटी नाही जायचं," लेक पडल्या पडल्या म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या.

तुम्ही तसली गाडी पाहिली नसेल. चार जाड चाकं, दोन आसनं, मागे सामानाचा हौदा. दारं नाहीत, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. गेल्या वर्षी तिच्याच खाली माझा थोरला नातू गेला. तो तेव्हा जेवढा होता, तेवढीच आता ही झाली आहे. गाडी दुरुस्त करून घेतली, कारण बागेचं तिच्यावाचून अडतं. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण त्या आसनावर बसताना ते काही कामाला आलं नाही.

"आजोबा, पट्टा लावा. नाहीतर ही बया बोंबलत बसते."

मी लावला. तरी पीं… पीं… चालूच.

"तू लावलास?"

"लावलाय की."

मी वाकून पाहिलं. तिनं पट्टा पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवला होता. गाडीला वाटावं लावलाय, पण अंगाला जाच नको. थोरल्यानंही त्या दिवशी हेच केलं होतं.

"दादानंच शिकवलेलं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पण असा लावला की वाजत नाही कधी… आज का वाजतंय?"

"नीट लाव. त्याशिवाय हलायचं नाही."

"तुम्ही ना, झोपाळ्यावरसुद्धा हेल्मेट घालाल!"

"घालीन. तू आधी लाव."

तोंड वेडावत तिनं पट्टा छातीवरून घेतला. खट्. आवाज थांबला. यंत्रातला बिघाड असेल, असं मी मनाशी म्हणालो. अजूनही अधूनमधून तसं म्हणून बघतो.

पेट्या भरून निघालो तेव्हा उजेड विझत आला होता. ओल्या मातीचा आणि कुजलेल्या फळांचा गोडसर वास येत होता. वाट उतारावर आडवी जाते. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला खोलगट भाग. हौद्यातल्या पेट्या खडखडत होत्या. एका वळणावर तिनं वेग कमी केला.

"इथंच ना, आजोबा?"

"पुढे बघ गं."

पण तिनं मान वळवलीच. वरच्या अंगाचं चाक दगडावर चढलं, पेट्या एकीकडे सरकल्या आणि गाडी तिच्या बाजूला कलू लागली.

गाडी कलते ना, तेव्हा सुरुवातीला सगळं फार सावकाश होतं. वाटतं, जमिनीवर पाय टेकला की सावरेल. थोरल्यालाही तसंच वाटलं असणार. हिचाही पाय बाहेर गेला.

"पाय आत घे!" मी ओरडलो.

कडाड् आवाज झाला, दिवे गेले. वाटेकडेच्या झाडाला टेकून गाडी अर्ध्यातच थांबली होती. आम्ही दोघं पट्ट्यांना लोंबकळत होतो. झाड कुरकुरत होतं. ते मोडलं असतं तर सगळा भार तिच्या पायावर आला असता.

"घेतलास पाय आत?"

"कसा घेणार…? तुम्ही धरलाय ना."

माझे दोन्ही हात समोरच्या दांडीवर होते.

खोटं वाटेल, पण मी घाबरलो नाही. माझे डोळे भरून आले. त्याचा पाय धरायला त्या दिवशी कुणी नव्हतं, म्हणून बहिणीचा धरायला तो आला, असंच मला वाटलं. इतका शिकलेला माणूस मी, आणि किती पटकन वाटलं!

"धर रे राजा," मी पुटपुटलो. "सोडू नकोस."

"आजोबा… दुखतंय."

"असू दे, बाळा. थोडा वेळ."

खालच्या बागेतला ट्रॅक्टरवाला आवाज ऐकून आला. त्यानं दोर बांधून गाडी सरळ केली. "पट्टा होता म्हणून," एवढंच तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता पेट्या गोळा करू लागला.

घरी आलो. लेक तापातून उठून बसली. पोरीच्या खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा निळाजांभळा वळ उठला होता. घोट्यावर पाच बोटं उमटली होती. लेक त्यांवर मलम लावत होती, मी दाराशी उभा होतो.

नातीनं वर पाहिलं. आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं.

"आजोबा, मी पाय आत घेत होते… तुम्ही बाहेर का ओढत होता?"