अर्धी प्रदक्षिणा

झऱ्याचं पाणी वाहून नेणारी पन्हळ दिसली आणि कादंबरी सवयीनं मागे वळली, शंकराच्या देवळात वळतात तशी... आणि मागून येणाऱ्या माणसावर जाऊन आदळली.

"अहो, उलट्या कुठे निघालात!" तो चक्क मराठीत ओरडला आणि लगेच त्यानं तोंडावर हात ठेवला.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यासमोरचं हे बेट. आयरिश कोळ्यांनी इथल्या झऱ्याला संत फिनोलाचं नाव दिलं. शेजारच्या काटेरी झाडाला चिंध्या बांधायची रीत मात्र त्या संतिणीहूनही जुनी, कुण्या जलदेवतेची. नवस करणाऱ्यानं न बोलता, मागे न वळता तीन फेऱ्या घालायच्या.

"माझी तिसरी होती," तो कळवळला.

"मग बोललात कशाला?"

"तुम्ही वळलात म्हणून!"

"पन्हळ ओलांडायची नसते. कीर्तनकाराची मुलगी आहे मी."

"आणि मी नागपूरचा सिद्धेश. नवस बुडवलात, आता निदान कॉफी तरी पाजा!"

कॉफी झाली. ती बेटापासून काही तासांवरच्या श्रूजबरी गावात राहायची, तो तिथून अर्ध्या तासावर. ती दर रविवारी लहान मुलांना कीर्तन शिकवायची; मग तो तिच्या वर्गात मागच्या खुर्चीवर येऊन बसू लागला. ती आख्यान गाऊ लागली की त्याची मान डोलायची — आणि तिचा लागलेला सूर उगाचच थरथरायचा.

ऑगस्टमध्ये दोघं पुन्हा बेटावर आली. परतीच्या बोटीसाठी थांबली असताना तो हळूच म्हणाला, "पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला नोकरीची ऑफर आलीय. पुढच्या सोमवारी जॉइन करायचंय. आपलं... म्हणजे... बघू ना यार, पुढे काय होतं ते."

धुक्यातून भोंगा वाजला. कादंबरी त्याच्याकडे वळली. तिचा आवाज ठाम होता.

"बघू नाही, सिद्धेश. डिसेंबरपर्यंत मी इथून हलणार नाही. माझ्या वर्गातली मुलं पहिल्यांदा कीर्तनाला उभी राहणार आहेत. जानेवारीत येईन, पण तुझी बायको म्हणून. हो म्हण, नाही म्हण... बोटीत पाय ठेवायच्या आत म्हण."

माणसं बोटीत चढू लागली. त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"डिसेंबरला तबल्यावर कोण आहे?"

"अजून कुणी नाही. का? तुला येतो?"

"नाही. पण चार महिने आहेत की!" त्यानं तिचा हात धरला. "तिकडे शिकतो, डिसेंबरला वाजवायला येतो. आणि कादंबरी... हो."