बॉनेटवरचा जोड

व्हर्लिन स्टाउडरने गाडी विकायला काढली, तेव्हा वॉबॅश गावात कुणाला नवल वाटलं नाही. बायको गेलेल्या माणसाला दोन दरवाजांची, लांबलचक बॉनेटची, पासष्ट सालची ब्युइक रिव्हिएरा काय करायचीय? मुलगी नोरीन तर फोनवर रोजच म्हणायची, "डॅड, ती गाडी काढ आणि इकडे ये राहायला. किती दिवस तिच्याशी बोलत बसणार आहेस?"

"ती कुठली बोलतेय. तिचं तोंड पेट्रोल प्यायलाच उघडतं," तो म्हणायचा.

गाडी त्याने भंगारातून आणली होती. नीट करायला सहा वर्षं लागली. इंजिन, पत्रा, सीटा, सगळं घरीच केलं. गॅरेज घराला लागून होतं, मधल्या दाराने स्वयंपाकघरात जाता यायचं. त्याची बायको आर्डिस त्या दारात उभी राहून म्हणायची, "त्या बयेचं झालं की माझ्या गुडघ्यांनाही जरा ग्रीस लाव."

शेवटी राहिला रंग. गडद हिरवा, आणि वर पारदर्शक लॅकर. बॉनेटचा शेवटचा हात त्याने गेल्या ऑक्टोबरात, एका दुपारी स्प्रे गनने मारायला घेतला. काचेकडून सुरुवात केली. निम्मं बॉनेट झालं होतं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

"व्हर्ल!"

हाक मोठी नव्हती, घाबरलेली नव्हती. फोन आला म्हणून मारावी तशी.

पण रंगारी पत्र्याच्या मध्यावर थांबत नाही. थांबला की लॅकरची कड सुकते, जोड दिसतो. व्हर्लिनने उरलेलं बॉनेट पुरं केलं. बारा मिनिटं लागली. मग मास्क काढून तो आत गेला. आर्डिस शेगडीसमोर फरशीवर पडली होती.

डॉक्टरने विचारलं, नोरीननेही विचारलं. "कॉम्प्रेसर चालू होता. मला काही ऐकूच आलं नाही," असं त्याने दोघांनाही सांगितलं.

एप्रिलमध्ये पहिलं गिऱ्हाईक आलं. नवरा इंजिनात डोकं घालून बसला होता. बॉनेट खाली केल्यावर त्याच्या बायकोने बोट ठेवलं. "अहो, ही कसली रेघ?"

व्हर्लिन वाकला. बॉनेटच्या बरोबर मध्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढा जोड होता.

ट्यूबलाइटखाली त्याने ते बॉनेट पन्नास वेळा तरी पाहिलं असेल. तेव्हा तिथे जोड नव्हता. असायचं कारणच नव्हतं. हाक आली तेव्हा हात कुठे होता, ते त्याला पक्कं आठवत होतं. जोड नेमका तिथेच होता.

त्याने तो पॉलिश पेपरने घासून काढला. आठ दिवसांनी पुन्हा आला. जुलैत जोडाच्या पुढचा भाग मंद दिसायला लागला. सप्टेंबरपर्यंत काचेकडचं अर्धं बॉनेट आरशासारखं आणि पुढचं अर्धं खडूसारखं कोरडं झालं. जसं काही तिथे लॅकर कधी लागलंच नव्हतं.

एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "अर्धं टाकून जेवायला गेला होतात की काय?"

व्हर्लिनने त्याला फाटकापर्यंतसुद्धा पोचवलं नाही.

ऑक्टोबरात फोर्ट वेनहून केस्लर नावाचा म्हातारा आला. गाडी त्याच्या मनात भरली. "एवढं बॉनेट पुरं करा. शनिवारी चारला येतो आणि घेऊनच जातो," म्हणाला. नोरीनने तिकडे खोली रिकामी करून ठेवली.

शनिवारी व्हर्लिनने बॉनेट घासलं, पुसलं, कडांना टेप लावली. बाहेर मक्याची कापणी चालू होती, हवेत भुसा होता. म्हणून गॅरेजचं शटर ओढून जमिनीवर पाणी मारलं. तीनच्या सुमारास कॉम्प्रेसर लावला. काचेकडून सुरुवात केली.

निम्म्यावर आला.

"व्हर्ल!"

त्याने विचार केला नाही. रंगाची गन जमिनीवर टाकली आणि मास्कसकट आत धावला.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. शेगडी थंड होती. फरशी स्वच्छ होती. खिडकी उघडी होती, तिच्यातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. त्याने घरभर पाहिलं, दोनदा तिचं नाव घेतलं. मग येऊन ती पडली होती तिथेच, फरशीवर बसला. त्या दिवशी तो इथे नव्हता. आज होता.

दारापलीकडे कॉम्प्रेसर घुरघुरत होता.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, कॉम्प्रेसरच्या जोडीला आणखी एक आवाज आहे. गनची फुसफुस. लांब, मग थांबा, मग पुन्हा लांब. प्रत्येक फेरी सारखी.

तो हात त्याच्या ओळखीचा होता.

तो फरशीवर बसूनच फेऱ्या मोजत राहिला.

फुसफुस थांबली. कॉम्प्रेसर बंद झाला.

बऱ्याच वेळाने त्याने दार उघडलं. बॉनेट पुरं झालं होतं. गन धुऊन खुंटीला लावलेली होती. व्हर्लिनने बोट टेकवलं. लॅकर कडक होतं, गार होतं. वर्षभर वाळल्यासारखं.

केस्लर चारला दारात हजर. बॉनेटवरून तळवा फिरवत राहिला.

"खरं सांगू? मी तीनलाच आलो होतो," तो म्हणाला. "धीर निघेना. गॅरेजच्या खिडकीतून पाहिलं तर तुमचं काम रंगात आलेलं. म्हटलं, आता हटकायचं नाही. खिडकीसमोर गाडीतच बसून बघत राहिलो. काय हात आहे हो तुमचा! तिकडे आतून मिसेस हाका मारताहेत, आणि तुम्ही मानसुद्धा वळवली नाहीत."



"एकदा," व्हर्लिन म्हणाला. "तिने एकदाच हाक मारली."

"छे हो!" केस्लर हसला. "चांगला बराच वेळ मारत होत्या. आवाज बारीक होत गेला, पण थांबल्या नाहीत. तुम्ही गन धुऊन टांगलीत, तेव्हा कुठे गप्प झाल्या."